कानाचे गणित मांडणारा लष्करी डॉक्टर

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून भरधाव जाणाऱ्या मोटारीची मागची एकच काच चार बोटे खाली केली, की कानांवर धप्-धप् असा जडशीळ दाब आदळू लागतो. गाडीतली माणसे कासावीस होतात. कुणीतरी दुसरी काच किंचित उघडतो आणि तो त्रास जादू झाल्यासारखा थांबतो. हा नुसता वाऱ्याचा आवाज नव्हे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती घुमते, तशीच त्या क्षणी सगळी मोटार घुमत असते. फरक एवढाच, की मोटारीची 'बाटली' फार मोठी असल्याने तिचा स्वर सेकंदाला साधारण पंधरा-वीस कंपनांइतका खालचा असतो. तो ऐकू येण्यापेक्षा जाणवतोच अधिक. विज्ञानात या घुमण्याला ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ 1894 मध्ये निवर्तले. तेव्हा मोटारगाडी नुकती रांगू लागली होती आणि तिच्यात बसून गाणे ऐकता येईल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

तरीही आजच्या मोटारीतल्या संगीतयंत्रणेवर या जर्मन शास्त्रज्ञाची सावली पडलेली आहे. महागड्या यंत्रणेत 'पॅरामेट्रिक इक्वलायझर' नावाचा एक विभाग असतो. त्यातल्या प्रत्येक पट्ट्याला तीन कळा असतात. कोणत्या स्वराला हात घालायचा, तो किती वाढवायचा वा घटवायचा आणि त्याच्या आजूबाजूचे किती स्वर सोबत ओढायचे, हे त्या तीन कळा ठरवतात. बहुतेक मालक त्या एकदा उगाच फिरवून पाहतात आणि गोंधळून पूर्ववत करून ठेवतात. या तीन कळांमागचे तत्त्व समजून घेण्याची सर्वांत सोपी वाट हेल्महोल्ट्झ यांच्या आयुष्यातून जाते.

त्यांचा जन्म 31 ऑगस्ट 1821 रोजी बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम येथे झाला. वडील माध्यमिक शाळेत शिक्षक होते. भाषा आणि तत्त्वज्ञान हे त्यांचे विषय. घरात पुस्तके भरपूर, पैसा मात्र बेताचा. लहानपणी हर्मन सतत आजारी असे. शाळेत पाठांतरात मागे पडणारा हा मुलगा भूमितीत आणि भौतिकशास्त्रात रमू लागला. त्याला भौतिकशास्त्रज्ञच व्हायचे होते. परंतु त्या विषयाच्या शिक्षणाला लागणारा खर्च शिक्षकाच्या पगारात बसणारा नव्हता. बर्लिनमधील लष्करी वैद्यकीय संस्थेत मात्र शिक्षण फुकट होते. अट एकच: शिक्षण संपल्यावर आठ वर्षे प्रशियाच्या सैन्यात डॉक्टरकी करायची. वडिलांनी हा मार्ग सुचवला आणि 1838 मध्ये सतरा वर्षांचा हर्मन तेथे दाखल झाला. आवड एकीकडे आणि पोटापाण्याची सोय दुसरीकडे, ही मध्यमवर्गीय घरांतली जुनी कहाणी याही घरात घडली. पियानो वाजवण्याचा नाद मात्र त्याने बर्लिनमध्येही सुटू दिला नाही.

विद्यार्थिदशेतच त्याला टायफसचा ज्वर झाला आणि त्याने रुग्णालयात खाट धरली. संस्थेचा विद्यार्थी असल्याने उपचारांना पैसा पडला नाही. त्या काळात शिल्लक राहिलेल्या तुटपुंज्या विद्यावेतनातून त्याने एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. त्याच उपकरणाच्या आधारे त्याने मज्जातंतू आणि मज्जापेशी यांचा संबंध दाखवणारा प्रबंध लिहिला आणि 1842 मध्ये पदवी मिळवली. पुढच्याच वर्षी लष्करी डॉक्टर म्हणून पॉट्सडॅमला नेमणूक झाली. सैनिकांची दुखणी पाहून उरलेल्या वेळात त्यांनी बराकीतच एक छोटी प्रयोगशाळा थाटली आणि स्नायूंच्या हालचालीत उष्णता कशी निर्माण होते, याचे प्रयोग सुरू केले.

सजीवाच्या देहात एखादी निराळी 'प्राणशक्ती' काम करते, असे तेव्हाचे अनेक विद्वान मानत असत. या तरुण डॉक्टरला ते पटत नव्हते. देहात जी ऊर्जा खर्च होते, ती अन्नातून आलेली असली पाहिजे; ती शून्यातून निर्माण होत नाही आणि शून्यात विरत नाही, असा त्यांचा आग्रह होता. जुलै 1847 मध्ये बर्लिनच्या भौतिकशास्त्र मंडळापुढे त्यांनी हा विचार गणिताच्या भाषेत मांडला. त्या काळच्या प्रमुख जर्मन नियतकालिकाने हा लेख छापायला नकार दिला. अखेर तो स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने निघाला. रॉबर्ट मायर यांनी 1842 मध्येच याच दिशेने विचार मांडला होता, हे हेल्महोल्ट्झ यांना तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे श्रेयावरून वादही झडले. तथापि मायर यांचा अग्रमान त्यांनी मान्य केला. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आज शाळकरी मुलांनाही शिकवला जातो. त्याचा एक आधारस्तंभ सव्वीस वर्षेही पूर्ण न झालेल्या एका पलटणीच्या डॉक्टरने रचला होता.

या पुस्तिकेने नशीब पालटले. ज्येष्ठ शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्या मध्यस्थीने लष्करी सेवेची उरलेली वर्षे माफ झाली. 1849 मध्ये क्योनिग्जबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापकपद मिळाले आणि त्याच वर्षी ओल्गा फॉन व्हेल्टेन यांच्याशी विवाह झाला. तेथे त्यांनी बेडकाच्या पायातील मज्जातंतूंवर प्रयोग करून संदेशाचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे 27 मीटर निघाला. त्यांचे स्वतःचे गुरू योहानेस म्यूलर यांना हा वेग कधी मोजता येणार नाही असे वाटत असे. 1851 मध्ये त्यांनी जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आतला पडदा पाहता येईल असे उपकरण जाहीर केले. आज नेत्रतज्ज्ञ हाती घेतात त्या ऑफ्थाल्मोस्कोपचे ते मूळ रूप. हे कार्य एवढ्यावर थांबले असते, तरी त्यांचे नाव राहिले असते.

पण डोळ्यामागोमाग त्यांचे लक्ष कानाकडे वळले. आपल्याकडे नादाची तीन लक्षणे सांगतात: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. पहिली दोन समजायला अवघड नाहीत. कंपने जलद असली की स्वर चढा, जोरदार असली की आवाज मोठा. तिसरे लक्षण मात्र कोडे होते. एकच स्वर तितक्याच जोराने सनईवर, व्हायोलिनवर आणि माणसाच्या गळ्यातून निघाला, तरी डोळे मिटूनही तो कुठून आला हे कळते. हे कशाने होते?

उत्तराचा एक धागा फ्रान्समध्ये होता. जोसेफ फूरिए यांनी 1822 मध्ये दाखवून दिले होते, की कितीही गुंतागुंतीची लाट साध्या लाटांच्या बेरजेने मांडता येते. दुसरा धागा गेऑर्ग ओहम यांचा. विजेच्या नियमामुळे परिचित असलेल्या या शास्त्रज्ञाने 1843 मध्ये असे सुचवले होते, की कान हीच फोड आपोआप करतो. हे खरे आहे की नुसती गणिती कल्पना, हे ठरवण्यासाठी हेल्महोल्ट्झ यांनी पोकळ गोळे घडवून घेतले. गोळ्याला एका बाजूला रुंद तोंड आणि दुसऱ्या बाजूला निमुळती नळी. नळीला कोमट लाख लावून ती कानात घट्ट बसवायची, दुसरा कान बंद करायचा आणि ऐकायचे. एरवी सगळे आवाज मंद ऐकू येत. पण त्या गोळ्याचा स्वतःचा स्वर बाहेरच्या आवाजात दडलेला असेल, तर तो कानात जोराने घुमू लागे.

या गोळ्याचे काम कसे चालते? तोंडाशी असलेली हवा एखाद्या वजनासारखी आणि आतली कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. वजन आणि स्प्रिंग मिळून एका ठराविक गतीने झुलतात. पोकळी मोठी केली की स्वर खाली उतरतो, तोंड रुंद केले की वर चढतो. निरनिराळ्या आकाराच्या गोळ्यांची मालिकाच त्यांनी तयार केली. म्हणजे आवाजाच्या गर्दीतून एकेक स्वर निवडून वेगळा काढण्याचे साधन हाती आले. त्या गोळ्यांतून ऐकताना त्यांची खात्री पटली, की आपण ज्याला एक स्वर म्हणतो तो बहुधा स्वरांचा समूह असतो. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूक्ष्म स्वर त्याच्या पोटात नांदतात आणि त्यांचे कमीअधिक प्रमाण म्हणजेच नादाची जाती. इक्वलायझरची पहिली कळ, अमुक इतक्या हर्ट्झचा स्वर निवडण्याची, तत्त्वतः याच गोळ्याची वारस होय.

केवळ फोड करून ते थांबले नाहीत. फोड बरोबर असेल तर जोडणीही जमली पाहिजे. विद्युतचुंबकांनी सतत कंप पावणाऱ्या नादकाट्यांची एक रांग त्यांनी उभारली. प्रत्येक काट्यासमोर त्याच्या स्वराशी जुळणारी एक पोकळी ठेवली आणि तिच्या तोंडावर झाकण बसवले. झाकण जितके उघडावे, तितका तो स्वर मोठा. या झाकणांचे प्रमाण जुळवून त्यांनी माणसाच्या मुखातील स्वरवर्णांशी साम्य असलेले आवाज निर्माण केले. कोणता स्वरांश किती, हे हाताने ठरवण्याचा हा उद्योग म्हणजे इक्वलायझरची दुसरी कळ, डेसिबलची. फक्त विजेच्या मंडलांऐवजी तेथे धातू, हवा आणि झाकणे होती.

हे काम चालू असतानाच घरावर आघात झाले. क्योनिग्जबर्गची कडक थंडी ओल्गा यांच्या क्षयग्रस्त प्रकृतीला सोसत नव्हती. म्हणून 1855 मध्ये कुटुंब बॉनला आणि 1858 मध्ये हायडेलबर्गला गेले. हवापालटाचा उपयोग झाला नाही. 1859 च्या मध्यावर वडील गेले आणि वर्ष संपता संपता, 28 डिसेंबरला, ओल्गा यांनीही जगाचा निरोप घेतला. पदरी दोन लहान मुले. हेल्महोल्ट्झ यांना मूर्च्छेचे आणि तीव्र डोकेदुखीचे झटके येऊ लागले. 1861 मध्ये त्यांनी ॲना फॉन मोल यांच्याशी विवाह केला आणि संसाराची घडी पुन्हा बसली. सुमारे आठ वर्षांच्या श्रमांनंतर 1863 मध्ये स्वरांच्या संवेदनेवरील त्यांचा महाग्रंथ प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात तिसऱ्या कळीचेही बीज आहे. सामान्य श्रोत्याला सर्वाधिक चकवणारी ही कळ, तिच्यावर 'क्यू' हे अक्षर असते. हेल्महोल्ट्झ यांच्या ध्यानात आले, की एखादी वस्तू छेडल्यावर जितका वेळ घुमत राहते, तितकी ती आपल्या स्वराबद्दल काटेकोर असते. नादकाटा दीर्घकाळ वाजतो, म्हणून तो केवळ स्वतःच्याच स्वराला प्रतिसाद देतो. ताणलेला पडदा चटकन शांत होतो, म्हणून तो शेजारच्या स्वरांनाही दाद देतो. या दोन गुणांचे नाते त्यांनी कोष्टकात मांडले. मग त्यांनी युक्तिवाद केला, की खर्जात दोन स्वर सेकंदाला दहाच्या वेगाने आलटून-पालटून वाजवले तर ते एकमेकांत मिसळून गढूळ ऐकू येतात; अर्थी कानातील कंप पावणारे भागही क्षणभर घुमत राहत असले पाहिजेत. क्यू हे अक्षर नंतरच्या अभियंत्यांचे, पण त्यामागचा व्यवहार हाच. क्यू 2 ठेवून 100 हर्ट्झला हात घातला, तर सुमारे 50 हर्ट्झ रुंदीचा पट्टा हलतो. क्यू 10 केला तर तो जेमतेम 10 हर्ट्झचा उरतो.

हेल्महोल्ट्झ यांच्या या गोष्टीतून मोटारीपर्यंतची वाट एका गैरसमजातून गेली. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना तरुणपणी हा ग्रंथ मूळ जर्मनमध्ये पाहायला मिळाला. भाषा नीट येत नसल्याने हेल्महोल्ट्झ यांनी स्वरवर्ण तारेतून दूर पाठवले आहेत, असा त्यांचा ग्रह झाला. प्रत्यक्षात तसे काही घडले नव्हते. परंतु जे झालेच आहे ते पुढे नेण्यास हरकत नाही, या विश्वासाने बेल कामाला लागले आणि 1876 मध्ये त्यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. लांबच्या तारेतून जाताना आवाजातील उंच स्वर अधिक क्षीण होत. ते पुन्हा समतोल करण्यासाठी टेलिफोनच्या अभियंत्यांनी जी मंडले बनवली, त्यांना 'इक्वलायझर' हे नाव पडले. पुढे हे साधन चित्रपटांच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात शिरले. तिन्ही गुण स्वतंत्रपणे फिरवता येणाऱ्या रचनेला 'पॅरामेट्रिक' हे नाव देणारा निबंध अमेरिकन ध्वनिमुद्रक जॉर्ज मॅसनबर्ग यांनी 1972 मध्ये सादर केला.

मोटारीत या साधनाची गरज अधिक भासते, कारण मोटार ही गाणे ऐकण्याची अत्यंत गैरसोयीची खोली आहे. काचा आवाज परतवतात, गाद्या तो शोषून घेतात. चालकाला एक स्पीकर हाताशी, तर दुसरा पलीकडे. लहानशा बंद जागेत खर्जाचे काही स्वर फुगतात आणि रस्त्याची घरघर इतर काही गिळून टाकते. अशा वेळी जाणकार आधी दोषी स्वर शोधतात. क्यू मध्यम ठेवून आवाज थोडा वाढवायचा आणि वारंवारतेची कळ हळूहळू फिरवायची. जिथे घुमारा असह्य होतो तिथे थांबायचे, वाढवलेले तेवढे काढून आणखी तीन-चार डेसिबल कमी करायचे. हेल्महोल्ट्झ यांनी एकामागून एक गोळे कानाला लावून केले, ते हेच. फुगवटा कापणे इष्ट, खड्डा भरण्याचा हट्ट धोक्याचा. कारण तीन डेसिबल वाढवले की सुमारे दुप्पट आणि सहा वाढवले की चौपट शक्ती खर्ची पडते. शिवाय दोन लाटा एकमेकींना मारत असतील, तर कितीही शक्ती ओतली तरी तो खड्डा भरत नाही. ऊर्जा शून्यातून येत नाही, हा 1847 चा धडा येथेही लागू पडतो.

1871 मध्ये हेल्महोल्ट्झ बर्लिन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. सतराव्या वर्षी पैशाअभावी सोडून द्यावा लागलेला विषय त्यांना पन्नाशीत अधिकृतपणे मिळाला. 1883 मध्ये उमरावपद आले. उद्योगपती वेर्नर फॉन सीमेन्स यांनी दिलेल्या जमिनीवर मोजमापशास्त्राची राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि तिचे पहिले अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. पण सन्मानांच्या या काळात दुःखेही आली. 1889 मध्ये पुत्र रॉबर्ट ऐन तारुण्यात गेला. त्यांचा लाडका विद्यार्थी हाइनरिश हर्ट्झ याने गुरूच्या प्रेरणेने विद्युतचुंबकीय लहरींचा शोध घेतला, त्या प्रयोगशाळेत सिद्ध केल्या आणि 1 जानेवारी 1894 रोजी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, तो मरण पावला. शिष्याच्या मरणोत्तर ग्रंथाला प्रस्तावना लिहिण्याची वेळ गुरूवर आली. आज इक्वलायझरच्या पहिल्या कळीवर प्रत्येक आकड्यापुढे या शिष्याचेच नाव असते. गुरूचे नाव तेथे कुठेही नाही.

1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने हेल्महोल्ट्झ अमेरिकेला गेले. परतीच्या प्रवासात जहाजाच्या जिन्यावरून ते पडले आणि प्रकृती पूर्ववत झालीच नाही. 8 सप्टेंबर 1894 रोजी शार्लोटेनबुर्ग येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचे सारेच म्हणणे टिकले नाही. कानात पियानोच्या तारांसारखे स्वतंत्र कंपक असतात, या त्यांच्या कल्पनेला गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी पुढे मोठी दुरुस्ती केली. कानातील पडद्यावरून एक लाट धावते आणि स्वरानुसार वेगवेगळ्या जागी ती सर्वाधिक उंच होते, हे त्यांनी दाखवले. त्यासाठी त्यांना 1961 चे नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही स्वरागणिक जागा वेगळी, हे मूळ सूत्र कायम राहिले. भारतात सी. व्ही. रामन यांच्यावर हेल्महोल्ट्झ यांच्या ग्रंथाचा खोल संस्कार झाला. तबला आणि मृदंगावरच्या शाईमुळे चामड्यातूनही तारेसारखे सुसंवादी स्वरांश कसे उमटतात, यावर रामन यांनी 1920 मध्ये प्रकाश टाकला.

कानाचे इतके गणित मांडणाऱ्या या माणसाने सौंदर्याला मात्र गणितात कोंडले नाही. ग्रीक, अरबी, इराणी स्वररचनांचा विचार करून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की स्वरसप्तके केवळ निसर्गाने घडवलेली नसतात. काळ आणि समाज यांच्या रुचीप्रमाणे ती बदलतात. शरीर किती ऐकू शकते हे शास्त्र सांगेल. काय गोड वाटावे, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. मोटारीत बसून कळा फिरवणाऱ्याला हा भेद उपयोगी पडतो. घुमारा काढून टाकणे हे मोजमापाचे काम आहे. त्यानंतर उरलेल्या सुरांत तंबोरा किती पुढे आणि तबला किती मागे असावा, हे सांगणारी कळ कोणत्याही यंत्रावर नसते.